केळीच्या बागेतली तीन मिनिटं: भयपटात ताण कसा बांधायचा

आमच्याकडे जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावल पट्ट्यात ज्याची केळी आहे, त्याला रात्रीची बाग नव्याने सांगावी लागत नाही. शेतीची लाइट पाळीने येते. रात्रीची पाळी आली की जेवण उरकायचं, कानाला टॉवेल गुंडाळायचा, बॅटरी घ्यायची आणि मोटार सुरू करायला निघायचं. बागेत शिरलं की दोन्ही बाजूंना एकसारख्या ओळी, डोक्यावर पानांचं छत, पायाखाली वाळलेल्या पानांचा थर. आणि घडांना घातलेल्या पांढऱ्या पिशव्या, बरोबर माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, अंधारात नुसत्या लटकलेल्या. बॅटरीचा झोत एका पिशवीवरून दुसरीवर जाताना रोजच्या माणसाचाही हात क्षणभर थांबतो.

तो थांबलेला हात पडद्यावर कसा आणायचा, एवढंच या लेखात सांगायचं आहे. मी लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो आणि जमेल तशा भागातल्या पोरांबरोबर भुताच्या छोट्या फिल्म करतो. नवीन येणारा प्रत्येक जण सगळ्यात आधी मेकअपचं विचारतो. पांढरी साडी, मोकळे केस, लाल डोळे. मीही तिथूनच सुरुवात केली होती. पहिल्या फिल्ममध्ये पहिल्याच मिनिटाला हडळ दाखवली. मारुतीच्या पारासमोर पडदा लावून गावाला दाखवली तेव्हा लहान पोरं एकदा किंचाळली, आणि पुढची अकरा मिनिटं कोणालाच काही वाटलं नाही. जे बघायचं ते बघून झालं होतं.

तेव्हापासून एकच गोष्ट धरून चाललो आहे. माणूस समोर आलेल्या गोष्टीपेक्षा येऊ घातलेल्या गोष्टीला जास्त घाबरतो. ताण म्हणजे वाट बघणं. काय दिसू द्यायचं नाही ते कॅमेरा ठरवतो, काहीतरी येतंय हे आवाज सांगतो, आणि किती वेळ थांबवायचं हे एडिटिंगच्या हातात असतं. तिन्ही कामं एकाच प्रसंगावर करून बघू. बापू नावाचा शेतकरी रात्री बागेत मोटार सुरू करायला जातो. वेळ तीन मिनिटं.

पहिली पायरी: कोणाला काय माहीत आहे, ते कागदावर लिहा

आल्फ्रेड हिचकॉक यांचा एक दाखला भयपट शिकणाऱ्या प्रत्येकाला ऐकवला जातो. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि तो अचानक फुटला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच माहीत असेल आणि टेबलाशी बसलेली माणसं निवांत गप्पा मारत असतील, तर त्याच गप्पा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात.

हे आपल्या बागेत आणा. विहिरीजवळ स्टार्टरची पेटी आहे. पेटीची वायर उघडी पडली आहे आणि खाली चिखल आहे, हे आपण प्रेक्षकाला आधी दाखवलं. बापूला ते माहीत नाही. आता बापू बिडी पेटवो, भावाला फोन करो, चप्पल झटको, प्रेक्षकाचं लक्ष त्या पेटीवरून हटणार नाही. भूत अजून आलेलंच नाही, तरी ताण चालू झाला.

म्हणून कागदावर दोन रकाने आखा. एकात बापूला काय माहीत, दुसऱ्यात प्रेक्षकाला काय माहीत. प्रत्येक शॉटपुढे दोन्ही भरा. प्रेक्षकाला जास्त माहीत असेल तर ताण येतो, दोघांना सारखंच माहीत असेल तर शोध येतो, प्रेक्षकाला कमी माहीत असेल तर धक्का बसतो. तिन्ही लागतात, पण नवीन पोरं धक्क्यावरच सगळी फिल्म उभी करतात आणि तिसऱ्या धक्क्याला प्रेक्षक सरावतो.

आपल्या प्रसंगात प्रेक्षकाला आणखी एकच जास्तीची गोष्ट सांगायची: वारा नसताना एक पिशवी हलली. बापूची पाठ तिकडे होती.

कागदावरच आणखी एक ठरवून टाका, भूत कोणाचं करायचं. हे मला कळकळीने सांगायचं आहे. सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव-अक्कलकुवा भागात, एखाद्या बाईला डाकीण ठरवून तिचा छळ झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. राज्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला, त्याच्या मागे अशी सगळी दुःखं आहेत. गावातल्या एकट्या म्हातारीसारखी दिसणारी चेटकीण पडद्यावर आणली, तर फिल्म संपल्यावर तिचं घर तिथेच असतं आणि पोरं तिच्याकडे बोट दाखवतात. चकवा घ्या, मुंजा घ्या, काही नाव नसलेलंच घ्या. ज्याला चेहरा नाही त्याची भीती तशीही जास्त वाटते.

दुसरी पायरी: जागा दिवसा बघा, रात्री ऐका

दिवसा मालकाला बरोबर घेऊन बाग पायाखाली घाला. विहीर कुठे, तिला कठडा आहे का, पाइप कुठून गेले, पेटीची वायर खरोखर कशी आहे. फिल्ममधली उघडी वायर बंद लाइनची, तुम्ही आणलेली असावी. खऱ्या पेटीला कोणीही हात लावायचा नाही. वाळलेल्या पानांत साप असतो, म्हणून सगळ्यांच्या पायात बूट. सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्याचा वावर आहे, तेव्हा रात्री कोणीही एकटा लघवीलासुद्धा जाणार नाही. पोलीस पाटलांच्या कानावर घालून ठेवा; बागेत रात्री फिरणारे झोत बघून लोक चोर समजून काठ्या घेऊन येतात.

मग एका रात्री कॅमेरा घरी ठेवून जा. बागेत डोळे मिटून पंधरा मिनिटं बसा आणि ऐकू येईल ते लिहून काढा. माझी यादी अशी होती: रातकिडे, ठिबकच्या नळीतून सुटणारी हवा, एका पानावरून दुसऱ्यावर पडणारा दवाचा थेंब, लांब हायवेवर गिअर बदलणारा ट्रक, एकदा टिटवी, आणि वाळलेलं पान स्वतःच्याच वजनाने तुटून पडलं तो आवाज. तो शेवटचा आवाज पावलासारखा येतो, अगदी कोणी एकच पाऊल टाकून थांबल्यासारखा. आपल्या फिल्मचं अर्धं काम त्या एका पानाने केलं. इंटरनेटवरून उतरवलेल्या किंकाळ्यांमध्ये हे पान सापडणार नाही.

तिसरी पायरी: कॅमेरा

आधी सेटिंग उरकून टाकू. मोबाइलवर व्हिडिओचं प्रो मोड उघडा. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. तिच्यावर चालणारे दिवे या आकड्यांना लुकलुकत नाहीत. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर बॅटरीचा झोत हलला की फोन आपल्या मनाने अंधार उजळवतो आणि सगळी मेहनत जाते. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, शक्यतो ८०० च्या खाली, कारण मोबाइलमध्ये त्याच्या वर अंधारात मुंग्या येतात.

मग उजेड कुठून आणायचा? दोन जागा आहेत. बागेच्या कडेचे शॉट सूर्य मावळल्यावरच्या वीस-पंचवीस मिनिटांत घ्या. व्हाइट बॅलन्स, म्हणजे चित्र पिवळट की निळसर ते ठरवणारं सेटिंग, ३२०० केल्व्हिनला लावा, एक्स्पोजर थोडं खाली ओढा. आकाश निळंसावळं होतं आणि ती रात्र वाटते. वेळ फार थोडा मिळतो, म्हणून त्या शॉटची तालीम दुपारीच करून ठेवायची. बागेच्या आतले शॉट मात्र बापूच्या हातातल्या बॅटरीवरच घ्या. काचेवर बटर पेपर चिकटवला की झोत मऊ होतो. कमी उजेडाच्या मोडवर काही एलईडी बॅटऱ्या डोळ्याला न कळेल इतक्या वेगाने लुकलुकतात आणि चित्रात पट्टे उमटतात, म्हणून बॅटरी पूर्ण उजेडावर ठेवून पुढे कागद लावणं बरं.

आता मुद्द्याचं. बापूच्या हातातली बॅटरी हे तुमचं सगळ्यात मोठं हत्यार आहे, कारण ती जिथे वळते तेवढंच प्रेक्षकाला दिसतं. झोत डावीकडे असेल तर सगळं गाव मनातल्या मनात उजवीकडे बघत असतं.

पहिला शॉट ट्रायपॉडवर, बागेच्या तोंडाशी. केळीची एक ओळ सरळ आत गेली आहे. फ्रेममध्ये चार पिशव्या दिसतात, त्या मोजून चारच ठेवा, पुढे कामाला येणार आहेत. बापू फ्रेममध्ये येतो, आत चालत जातो, अंधारात दिसेनासा होतो. इथे सगळे जण कट म्हणतात. म्हणू नका. रिकामी ओळ पाच सेकंद तशीच दिसू द्या. ज्याच्यासाठी शॉट होता तो माणूस निघून गेला आणि कॅमेरा मात्र थांबला, एवढ्यानेच बघणाऱ्याच्या मनात प्रश्न येतो: हा कोणाची वाट बघतोय? मग डावीकडची दुसरी पिशवी हलते. इंचभरच. तिला तंगूस बांधा आणि फ्रेमबाहेरून एकाला ओढायला बसवा. आम्ही हा शॉट सात वेळा घेतला, कारण ओढणारा पोरगा दर वेळी जोर लावायचा. जोरात हललेली पिशवी कोणीतरी हलवल्यासारखी दिसते. जेमतेम हललेली पिशवी हलली की नाही याचीच शंका येते, आणि ती शंका प्रेक्षक पुढची अडीच मिनिटं बाळगतो.

दुसरा शॉट बापूचा चेहरा, जवळून. त्याला फ्रेमच्या उजव्या कडेला ढकला आणि डावीकडचा दोन तृतीयांश भाग मोकळा सोडा. तिथे फक्त अंधारी ओळ. रिकामी जागा दिसली की डोळा तिथे काहीतरी शोधायला लागतो. तिथे काहीही आणू नका, निदान आत्ता तरी. रिकाम्या जागेचं कर्ज फेडायला उशीर केला की व्याज वाढतं.

कॅमेरा हलवायचा असेल तर फार सावकाश, आणि कारण असेल तरच. कॅमेरा स्थिर धरणारा गिंबल नसेल तर माल वाहायची रबरी चाकांची हातगाडी घ्या, तिच्यावर ट्रायपॉड बांधा, चाकांतली हवा थोडी कमी करा. दहा सेकंदांत फूटभर पुढे जाईल इतकाच वेग. प्रेक्षकाला हालचाल कळू नये, फक्त चेहरा जवळ येतोय असं वाटावं. हात थरथरवून कॅमेरा हलवला की भीती येते असा एक समज आहे. थरथर ज्याच्या डोळ्यांनी बघतोय तो माणूस घाबरलेला असेल तरच लागू पडते. आणि जे बघत असतं ते घाबरलेलं नसतं. पानांच्या आडून बापूला न्याहाळणारा शॉट घ्यायचा असेल तर तो अगदी स्थिर, बापूच्या गुडघ्याच्या उंचीवरून घ्या. उंची कोणाचीच ओळखीची नसल्याने अंगावर येते.

चकवा दाखवायचा असेल तर एक नियम मुद्दाम मोडा. एरवी माणूस डावीकडून उजवीकडे चालत असेल तर पुढच्या शॉटमध्येही त्याच दिशेने चालला पाहिजे, नाहीतर बघणाऱ्याला वाटतं तो परत फिरला. केळीच्या बागेत सगळ्या ओळी सारख्याच. पहिले तीन शॉट नियम पाळा, चौथ्यात कॅमेरा पलीकडच्या बाजूला न्या. बापू सरळच चाललाय, पण प्रेक्षकाची दिशा हरवली. त्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येणार नाही, फक्त बाहेर पडायची वाट कुठे आहे ते आता त्याला कळेनासं होतं. हेच चकव्यात होतं.

आणि भूत जितकं उशिरा दिसेल तितकं चांगलं. १९७५ च्या 'जॉज'मध्ये यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात वारंवार बिघडत होता. दिग्दर्शकाला तो दाखवताच येईना, म्हणून पाण्याचा पृष्ठभाग, तरंगणारी पिंपं आणि दोन सुरांचं संगीत यांवर काम भागवावं लागलं. त्या अडचणीतूनच तो चित्रपट इतका धारदार झाला. आपल्याकडे पैसे नाहीत ही अडचणही त्याच कामाला लावता येते.

चौथी पायरी: आवाज

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. भयपट बघताना घाबरलेला माणूस हात डोळ्यांवर नेतो आणि बोटांच्या फटीतून बघत बसतो, तोवर आवाज आत गेलेला असतो.

रेकॉर्डिंगसाठी कॅमेऱ्याच्या फोनवर विसंबू नका. दुसरा फोन किंवा छोटा रेकॉर्डर घ्या, ४८ किलोहर्ट्झला रेकॉर्ड करा, सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. बापूच्या सदऱ्याच्या आत कॉलर माइक लावा, त्याचा श्वास त्यातच मिळतो. आणि शूटिंग संपल्यावर सगळ्यांना जागच्या जागी गप्प उभं करून त्या जागेचा नुसता आवाज दोन मिनिटं घ्या. पोरं कंटाळतात, घरी जायची घाई असते. पण एडिटिंगला बसल्यावर दोन शॉटमधली भोकं बुजवायला तेवढाच एक धागा असतो. आमच्या एका फिल्मला जवळच्या लग्नातल्या जनरेटरची घरघर लागली होती आणि बागेचा स्वच्छ आवाज घेतलेलाच नव्हता. अख्खा प्रसंग पुन्हा जाऊन करावा लागला.

आता थर रचा. पहिला ट्रॅक जागेचा आवाज, म्हणजे रातकिडे. दुसरा पावलांचा. तिसरा श्वास आणि कपड्यांचा. चौथा त्या एका पानाचा. संगीत सगळ्यात शेवटी, आणि लागलंच तर. पावलं घरी पुन्हा रेकॉर्ड करा: केळीची वाळलेली पानं पोत्यात भरून आणा, गच्चीवर पसरा, पहाटे चार वाजता त्यावर चाला. मे महिन्यात करायला जाऊ नका, सगळ्या गल्लीचे कूलर त्यात येतात.

शांतता कशी करायची, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. आवाज शून्यावर नेला तर ती शांतता वाटत नाही, फोन बिघडला असं वाटतं. शांतता म्हणजे चालू असलेल्या आवाजांपैकी एक काढून घेणं. शेतात रात्र काढलेल्या कोणालाही विचारा, जवळ कोणी आलं की रातकिडे गप्प होतात. म्हणून पहिल्या शॉटपासून दीड मिनिट रातकिडे अखंड वाजू द्या, इतके की प्रेक्षक त्यांना विसरून जाईल. मग बापूच्या डाव्या बाजूचे रातकिडे थांबवा. उजवीकडचे चालू. बापू थबकतो, आणि ज्याने शेत पाहिलं आहे अशा प्रत्येकाला आपल्या खुर्चीत बसल्या जागी कळतं की डावीकडे कोणीतरी उभं आहे. चित्रात काहीच बदललेलं नाही.

हाच धडा मोठ्या चित्रपटांतही दिसतो. १९८० च्या 'द शायनिंग'मध्ये लहान मुलगा तीनचाकी सायकलवरून रिकाम्या हॉटेलात फिरतो आणि कॅमेरा जमिनीलगत त्याच्या मागे जातो. लाकडी फरशीवर चाकांचा खडखडाट, गालिच्यावर आवाज एकदम नाहीसा, पुन्हा फरशी, पुन्हा खडखडाट. घडत काहीच नाही, पण कानाला प्रत्येक वळणाची धास्ती बसते. आपल्याकडे फरशी आणि गालिचा नाही. पण बांधावरची माती, वाळलेली पानं आणि चिखल हे तीन आवाज आहेत. बापूला मुद्दाम त्या तिन्हींवरून चालवा.

आवाजाचं अंतरही भीती देतं. १९४९ च्या 'महल'मध्ये अदृश्य बाईचं गाणं लांबून जवळ येतं. त्या काळी मिक्सिंगच्या सोयी नव्हत्या. लताबाईंना खोलीच्या कोपऱ्यात उभं केलं आणि गात गात त्या मधल्या माइककडे चालत आल्या. ही युक्ती आजही फुकट आहे. टिटवीचा आवाज किंवा कोणाची हाक लांबून हवी असेल, तर रेकॉर्डिंगचा आवाज कमी करून ती लांबची होत नाही, फक्त बारीक होते. माणसाला खरोखर पन्नास पावलं लांब उभं करा आणि हाक मारायला सांगा. 'कोन शे रे तठे?' हे तीनदा, तीन अंतरांवरून घेऊन ठेवा. अहिराणीतच घ्या. आपल्या माणसाला भीती आपल्या बोलीत लवकर पोचते.

आता आपल्या प्रसंगातला मोठा डाव. बापू स्टार्टर दाबतो आणि विहिरीवरची मोनोब्लॉक मोटार सुरू होते. पाणबुडी मोटार घेऊ नका, तिचा आवाज वर येत नाही. मोटारीच्या घरघरीखाली रातकिडे, पावलं, पान, सगळं बुडतं. दोन मिनिटं प्रेक्षक कानांच्या भरवशावर बसला होता, आता त्याचे कानच गेले. ही घरघर वीस सेकंद चालू द्या. बापू पाठमोरा वाकून पाणी आलं का बघतोय. मग लाइट जाते. मोटार एकदम बंद होत नाही, तिची घरघर खाली खाली येत विरते. तेवढे चार-पाच सेकंद फार मोलाचे आहेत, ते कापू नका. घरघर पूर्ण विरली की वाळलेल्या पानावर एकच पाऊल. बापूचे पाय आपल्याला दिसतायत आणि ते जागचे हललेले नाहीत.

संगीताबद्दल थोडंच. खोल घुमणारा आवाज सगळ्यांना आवडतो, पण आपली फिल्म लोक मोबाइलवर बघतात आणि साधारण १०० हर्ट्झच्या खालचं काही फोनच्या छोट्या स्पीकरमधून जवळपास येतच नाही. हेडफोनमध्ये छातीत धडकी भरवणारा घुमारा गावात कोणाला ऐकूही जात नाही. त्यात थोडा वरच्या पट्टीचा, घासल्यासारखा आवाज मिसळा. विहिरीच्या रहाटाची कुरकुर हळू वेगाने वाजवून बघा.

पाचवी पायरी: एडिटिंग

लग्नाच्या हायलाइटचं एडिटिंग करणाऱ्याच्या हाताला दर दीड-दोन सेकंदाला कट मारायची सवय लागलेली असते. इथे ती सवय मोडावी लागते. मोडायला मला बराच काळ लागला. कंटाळा येईल अशी भीती वाटते आणि बोट आपोआप कापायच्या बटणावर जातं.

साधी पद्धत सांगतो. सगळे शॉट आधी तुम्हाला बरोबर वाटतील तेवढे लावा. मग ताणाच्या प्रत्येक शॉटला एक सेकंद जास्त द्या आणि बघा. तो जास्तीचा सेकंद पहिल्यांदा चूक वाटतो. दुसऱ्या वेळी तिथे श्वास अडकतो. शॉटची लांबी हळूहळू वाढवत न्या: पाच सेकंद, सात, अकरा. प्रेक्षक मनातल्या मनात कटची वाट बघायला लागतो, कारण कट म्हणजे सुटका. ती देऊ नका. आणि द्याल तेव्हा नेहमीच्या जागेच्या जरा आधी द्या, बापूची मान अर्धी वळलेली असताना.

बापू डावीकडे बघतो. त्याला काय दिसलं, हा उलटा शॉट लगेच दाखवायची घाई नको. चेहराच धरून ठेवा. शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह यांनी एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या चित्रांना जोडून दाखवून दिलं की पुढचं चित्र बदललं की प्रेक्षकाला चेहऱ्यावरचा भावही बदललेला वाटतो. आपण पुढचं चित्रच दिलं नाही, तर प्रेक्षक स्वतःजवळचं सगळ्यात वाईट चित्र तिथे लावतो. त्याच्याइतकं चांगलं भूत आपल्या बजेटमध्ये बनणार नाही.

आवाज चित्राच्या आधी आणा. पेटीचा शॉट यायच्या दीड सेकंद आधी पेटीचं दार करकरू द्या. प्रेक्षक अजून बापूच्या चेहऱ्यावर आहे आणि कान पुढे गेलेत. टाइमलाइनवर आवाजाची क्लिप नुसती डावीकडे ओढायची, एवढंच काम. डाव्हिंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत हे सगळं होतं, मोबाइलच्या ॲपमध्येही होतं.

दचकवायचं असेल तर एकदाच दचकवा. १९४२ च्या 'कॅट पीपल'मध्ये एक बाई रात्री रस्त्यावरून चालते, मागे कोणाच्या तरी पावलांचा आवाज येतो, तो थांबतो, आणि हिंस्र प्राण्यासारखा फुत्कार टाकत फ्रेममध्ये शिरते ती बस. धोका काहीच नव्हता, पण सगळी तयारी धोक्याची होती. या युक्तीला निर्मात्याच्या नावावरून आजही ल्यूटन बस म्हणतात. आमच्या बागेत बसच्या जागी टिटवी आहे: पावलाच्या आवाजानंतर तीन सेकंद काही नाही, मग टिटवी अगदी कानाशी ओरडत उडते. बापू दचकतो, हसतो, प्रेक्षकही सैल होतो. खरी गोष्ट त्या सैल झालेल्या क्षणानंतर ठेवायची.

आणि इथे मेकअपचं उत्तर. शेवटचा शॉट पहिल्यासारखाच, तीच जागा, तीच उंची, तीच ओळ. त्यासाठी ट्रायपॉडच्या तीन पायांखाली चुन्याच्या खुणा करून ठेवायच्या. बापू बागेतून बाहेर येतो, फ्रेम ओलांडून जातो. ओळ रिकामी. पिशव्या पाच. पाचवी थोडी खाली, माणूस किंचित वाकून उभा असेल इतक्या उंचीवर. रातकिडे नाहीत.

रात्र जमत नसेल तर

अंधार मिळत नसेल, तर खान्देशचा मे महिना वापरा. भर दुपारी बाराला पिंपळाखाली जाऊ नको, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं आहे. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात गल्लीत चिटपाखरू नसतं, दारं लोटलेली, प्रत्येक घरातून कूलरची घरघर. लाइट गेली की सगळे कूलर एकदम थांबतात. ती शांतता ज्याने ऐकली आहे त्याला वेगळं सांगायला नको. लाइटचा खर्च नाही, आयएसओची भानगड नाही. फोन तेवढा तापून बंद पडतो, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थंड बाटलीवर दोन शॉटच्या मधे टेकवत राहा.

सहावी पायरी: दाखवा आणि लोकांकडे बघा

पहिला कट झाला की दोन दिवस बाजूला ठेवा. मग स्वतः दोनदा तपासा. एकदा आवाज बंद करून: गोष्ट कळते का, पिशवी हललेली दिसते का. एकदा स्क्रीन उलटी ठेवून नुसतं ऐका: कुठे ताण ढिला पडतो ते लगेच कळतं. त्यानंतर फिल्मशी संबंध नसलेल्या पाच-सहा जणांना दाखवा. स्पीकरवर दाखवा, त्यातला एक तरी शेतातला असू द्या. आधी काहीही सांगू नका आणि तुम्ही पडद्याकडे बघू नका, लोकांकडे बघा. हात मोबाइलकडे कुठे गेला, पाय कुठे वर घेतले, बोलणं कुठे थांबलं, ते वेळेसह लिहून घ्या. 'छान झालं' हे उत्तर कामाचं नाही. हात मोबाइलकडे गेला ती वेळ कामाची आहे. त्या जागेच्या दहा सेकंद आधी काहीतरी सैल आहे.

आमची फिल्म दाखवली तेव्हा शेवटच्या शॉटला घड कापायला जाणारे दोन-तीन मजूर मागे उभे होते. बाकी सगळे बापू वाचला म्हणून उठायच्या तयारीत होते. मागून एक जण हळूच म्हणाला, 'आते पाच शेतस रे त्या.' तो चौथ्या सेकंदाला बोलला. आम्ही शॉट सहा सेकंदांचा ठेवला.